अदिस अबाबातले एक ताट

परमुलखात राहणारा माणूस सुटीला गावी आला, की पारावरची मंडळी त्याला दोन प्रश्न विचारतात. पहिला, पगार किती? दुसरा, तिकडे खातोस काय? पहिल्या प्रश्नाला मी हसून बगल देतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र पारावर बसून दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून ते आज तुमच्यासाठी सविस्तर लिहितो आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. शिकवण्याच्या नोकरीनिमित्त तीन वर्षे आफ्रिकेतल्या इथिओपिया देशाच्या राजधानीत, अदिस अबाबात, राहिलो. अदिस अबाबा म्हणजे 'नवे फूल'. सम्राट दुसरा मेनेलिक आणि त्याची राणी तायतू यांनी १८८६ साली हे शहर वसवले. आफ्रिका म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे रखरखीत ऊन उभे राहील. माझ्याही राहिले होते. पण हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी सातशे मीटर वर चढलात, तर अदिस अबाबा लागेल! संध्याकाळी अंगात स्वेटर हवाच.

या शहरात देशोदेशीची माणसे राहतात. आफ्रिकेतल्या देशांची एकजूट करणारी संघटना १९६३ साली इथेच स्थापन झाली आणि आजच्या आफ्रिकन युनियनचे मुख्यालयही इथेच आहे. त्यामुळे परक्या माणसाची जिभेची सोय इथे चांगली होते. अरबी, चिनी, भारतीय, ज्याला जे हवे ते हॉटेल सापडते. इटलीच्या फौजा १९३६ ते १९४१ अशी पाच वर्षे इथे होत्या. फौजा गेल्या, पण त्यांची मॅकरोनी आणि यंत्रावरची कॉफी मागे राहिली.

आमचे घर माळकरी. पंढरपूर हाकेच्या अंतरावर. घरात अंडेसुद्धा कधी आले नाही. निघताना आईने बजावले होते, "पोटाला चिमटा काढ, पण वाटेल ते खाऊ नको." म्हणून पहिले सहा महिने मी खोलीवर खिचडी शिजवली आणि रविवारी एका भारतीय हॉटेलात जाऊन रोटी, डाळ, पनीर खाल्ले. तिथे आपलीच माणसे भेटत. त्याच त्या गोष्टी, त्याच तक्रारी, विमानाचे भाडे आणि रजेचा हिशेब. सहा महिने मी अदिस अबाबात राहत होतो, पण तिथले अन्न माझ्या पोटात गेले नव्हते.

माझ्याबरोबर शिकवणारा एक इथिओपियन गृहस्थ हे सारे पाहत होता. एके दिवशी तो म्हणाला, "तुम्ही मांस खात नाही म्हणून लपून का जेवता? बुधवारी आणि शुक्रवारी आमचं अर्धं शहर तुमच्यासारखंच जेवतं." ते मला नवीनच होते. तिथल्या जुन्या ख्रिस्ती पंथाचे लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास पाळतात. ईस्टरच्या आधी पंचावन्न दिवस सलग उपास असतो, ऑगस्टात पंधरा दिवसांचा निराळा. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, तूप सगळे वर्ज्य. डाळी, भाज्या, तेल चालते. 'त्सोम' म्हणजे उपास. खानावळीत जाऊन हा एक शब्द उच्चारला, की शाकाहारी माणसाची काळजी मिटली.

त्याने मला बुधवारी सात वाजता एका खानावळीत बोलावले. मी संध्याकाळी बरोबर सातला हजर! तो कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी कळले, की तो भर दुपारी तासभर माझी वाट पाहून गेला होता. झाले असे, की तिथले लोक घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि आपला दुपारचा एक म्हणजे त्यांचे सात. मला राग आला नाही. आमची आजी तरी कुठे घड्याळ पाहत होती? "दिवस कासराभर वर आला" म्हणजे न्याहारी, एवढेच तिला ठाऊक.

मग शुक्रवारी तो मला स्वतः घेऊन गेला. गाडी चालवणारा आमच्या संस्थेचा ड्रायव्हरही बरोबर होता. पन्नाशीचा, शांत, मोठ्या हातांचा माणूस.

वाटेत त्या गृहस्थाने एक गोष्ट सांगितली. पूर्वी त्यांच्याकडे अन्न विकणे हलके समजत. आल्या-गेल्याला जेवू घालायचे, त्याचे पैसे कसले घ्यायचे? पुढे राणी तायतूने विसाव्या शतकाच्या तोंडावर शहरात पहिले हॉटेल काढले, तेव्हा पैसे देऊन जेवायला कुणी धजेना. सांगतात, की मग मेनेलिकने स्वतः तिथे जेवून बिल चुकते केले आणि दरबाऱ्यांना तसे करायला लावले. आपल्याकडेही अन्न विकू नये असे जुनी माणसे म्हणत होतीच की. खानावळ तिथे अशी उशिरा आली, म्हणून की काय, खानावळीतली रीत अजून घरचीच आहे.

आत शिरलो. पत्र्याचे छप्पर, सात-आठ बुटकी टेबले. कोपऱ्यात जेवत असलेल्या दोघा अनोळखी माणसांनी आमच्याकडे पाहून म्हटले, "इन्ब्ला." म्हणजे 'चला, जेवू या.' आपण ओसरीवर जेवत असताना कुणी आले, तर "या, जेवायला या" म्हणतो ना, अगदी तसे. एका मुलीने तांब्यातून हातावर पाणी घातले, खाली घमेले धरले. आम्ही बसलो आणि ताट आले.

ताट कसले, परातच! तिच्यावर परातीएवढी मोठी, मऊ, जाळीदार पोळी अंथरलेली. हिला इंजेरा म्हणतात. कोकणातल्या आंबोळीची ही थोरली बहीण समजा. चव मात्र आपल्या आंबिलीच्या जवळची, आंबट. पोळीवर गोलाकार कालवणांचे ढीग. लाल मसुरीची तिखट आमटी, हळद घातलेली वाटाण्याची पिवळी डाळ, हिरवी पालेभाजी, कोबी-बटाटा, बीट, आणि मधोमध खदखदणारे 'शिरो'. कडेला आणखी इंजेराच्या गुंडाळ्या. चमचा नाही, वाटी नाही. पोळीचा तुकडा मोडायचा, त्याने कालवण उचलायचे. उजव्याच हाताने.

आणि ताट एकच. माणसे तीन.

मी क्षणभर थबकलो. उष्ट्या-खरकट्याचा विचार लहानपणापासून अंगात मुरलेला. मी हळूच म्हणालो, "मला वेगळी ताटली मिळेल का?"

ड्रायव्हरने पुढे केलेला हात मागे घेतला. तो उठला, नळाशी गेला आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन परत आला. बसला, पण ताटाला हात लावीना. माझ्या सोबत्याच्या कानाशी काही तरी पुटपुटला.

"काय म्हणतात?" मी विचारले.

सोबती अवघडला. मग म्हणाला, "तो म्हणतो, साहेबांना माझी अडचण होत असेल तर मी बाहेर गाडीत बसून खातो."

मंडळी, हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते.

आमच्याकडे एक सालगडी होता. आम्ही मुले त्याला मामा म्हणत होतो. त्याच्या खांद्यावर बसून मी सबंध शिवार पाहिले. पण मामाची जर्मनची ताटली गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असे, आणि आई तिच्यात वरूनच भाकरी टाकी. मी सात-आठ वर्षांचा असताना एका बेंदराला बैलांच्या मागोमाग मामाचा हात धरून त्याला आत पुरणपोळीच्या पंगतीला ओढू लागलो. तो उंबऱ्याशी थांबला. म्हणाला, "नगं लेकरा, मी हितंच बरा हाय." घरातले कुणीच काही बोलले नाही. वारीला गेल्यावर आमचे हेच घर येईल त्या वारकऱ्याच्या पाया पडत असे.

पोरीने वेगळी ताटली आणून ठेवली होती. मी ती पालथी घालून बाजूला सारली आणि परातीतला तुकडा मोडला. ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता. मग त्याने इंजेराचा मोठा तुकडा घेतला, त्यात शिरो आणि पालेभाजी गुंडाळली आणि तो घास सरळ माझ्या तोंडाजवळ आणला.

"याला गुर्शा म्हणतात," सोबती घाईने म्हणाला. "नाही म्हणू नका."

आपल्याकडे घास कुणाला भरवतात? तान्ह्या लेकराला, नाही तर लग्नात नवरा-नवरीला. चाळिशी उलटलेल्या बाप्याला दुसऱ्या बाप्याने घास भरवायचा? पण मी आ केला. घास मोठा होता, डोळ्यांत पाणी आले. तिखटानेही आले असेल. मग मी त्याला घास भरवू गेलो, तर माझ्या हाताला सवय नसल्याने तुकडा फाटला आणि शिरो त्याच्या सदऱ्यावर सांडले. तो इतका हसला, की शेजारच्या टेबलावरची माणसेही हसू लागली. एका घासावर ते लोक थांबत नाहीत. शेवटी मी 'बक्का, बक्का' म्हणजे 'पुरे, पुरे' म्हणायला शिकलो. एका ताटात जेवणारी माणसे एकमेकांचा घात करत नाहीत, अशी त्यांची म्हण आहे.

आता त्या ताटातल्या पदार्थांविषयी सांगतो, कारण शेतकऱ्याच्या घरात याचेच कुतूहल अधिक. इंजेरा होते तेफ नावाच्या धान्याची. तेफचा दाणा एक मिलिमीटरहूनही बारीक. गव्हाच्या एका दाण्याच्या वजनात तेफचे शंभराहून जास्त दाणे बसतात. मूठभर बियाण्यात बरीच जमीन पेरून होते. त्याचे काड गुरे आवडीने खातात आणि मातीत कालवून भिंतीही लिंपतात. पीठ दोन-तीन दिवस आंबवायचे, मग 'मिताद' नावाच्या दीड-दोन फुटी मातीच्या तव्यावर गोल ओतून झाकण घालायचे. पोळी उलटायची नाही, एकाच बाजूने भाजायची. वरच्या बाजूला जाळी पडते, तिला ते 'डोळे' म्हणतात. डोळे चांगले पडले, तर बाई सुगरण. शहरात आता विजेचे मितादही घरोघर झाले आहेत.

शिरोची तर गंमतच आहे. हरभरा, वाटाणा, घेवड्यासारख्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे, यांतले काही भाजून मसाल्यासह दळायचे आणि कांदा-लसणाच्या फोडणीत ते पीठ शिजवायचे. अहो, म्हणजे आपले पिठलेच की! आपण हिरवी मिरची ठेचतो, ते 'बर्बरे' नावाचा लाल मसाला घालतात. मिरची, आले, लसूण, मेथी, ओवा आणि त्यांच्याकडची मोठी वेलची, असे त्यात बरेच काही असते. मी पहिला घास घेतला तेव्हा मला आमच्या चुलीची आठवण झाली ती उगाच नव्हे.

आणि तेल कसले? उपासाच्या जेवणात पूर्वापार तेल असते ते 'नूग'चे. नूग म्हणजे काय, हे मला पुढे मर्काटो नावाच्या तिथल्या अवाढव्य बाजारात कळले. एका पोत्यात काळेभोर, चकचकीत, लांबट दाणे. मी मूठ भरून वास घेतला. कारळे! आपण ज्याची चटणी भाकरीवर घेतो, काही भागांत ज्याला खुरासणी म्हणतात, तेच. या पिकाचे मूळ घर इथिओपियाचे डोंगर. नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून आपल्याकडे आली, ज्वारी ईशान्य आफ्रिकेतून. कित्येक पिढ्या आधी त्यांचे अन्न आपल्या ताटात आले होते. मी मात्र त्यांच्या ताटात हात घालायला कचरत होतो.

त्या खानावळीच्या मालकीणबाई मूळच्या वोल्लो या दुष्काळी मुलखातल्या. एकदा म्हणाल्या, "मी सत्त्याहत्तरच्या दुष्काळात वाचलेली पोर." मी हिशेब करू लागलो, तो जुळेना. मग सोबत्याने सांगितले, की त्यांचे वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाहून सात-आठ वर्षे मागे असते. त्यांचे सत्त्याहत्तर म्हणजे १९८४-८५. त्या दुष्काळात तिथे लाखो माणसे दगावली. मी त्यांना आमच्याकडचे बहात्तर सांगितले. खडी फोडायला गेलेली आई, कामावर मिळणारी सुकडी, अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. बाईंनी सगळे ऐकून घेतले, आत गेल्या आणि आमच्या परातीत न मागता आणखी एक पोळी टाकून गेल्या. ज्याने भूक पाहिली, त्याचा हात आखडता नसतो, हे आमच्या आईवरून मला ठाऊक होते.

जेवणानंतर कॉफी. कॉफीचे झाड मूळचे याच देशातले, पण तिथे ती कपभर पिऊन उठायची चीज नव्हे. जमिनीवर हिरवे गवत पसरतात, समोर हिरव्या बिया भाजतात, त्यांचा धूर पाहुण्यांपुढे फिरवतात. मग कुटून 'जेबेना' नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात आणि बिनकानाच्या छोट्या कपांत ओततात. सोबत लाह्या. एकामागून एक तीन वेळा कॉफी होते. पहिली अबोल, दुसरी तोना, तिसरी बरका. तिसरी घेतल्याशिवाय उठणे बरे दिसत नाही.

अशाच एका बरकेच्या वेळी मी त्यांना मलिक अंबराची गोष्ट सांगितली. याच देशातला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला, आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने १६१० साली खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. जमीन मोजून, तिचा कस पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत आपल्या मुलखात नावाजली गेली. १६२६ साली तो वारला. सगळे कौतुकाने ऐकत होते. ड्रायव्हरने एकच विचारले, "तुमच्याकडे आल्यावर तो कुणाच्या ताटात जेवत असेल?" मला उत्तर देता आले नाही.

तिथे सारे सोन्यासारखे आहे, असे मात्र समजू नका. ख्रिस्ती आणि मुसलमान एकमेकांनी कापलेले मांस सहसा खात नाहीत. त्यांच्या मांसाच्या दुकानांवर वेगवेगळ्या खुणा असतात. काही भागांत कुंभार, लोहार, कातडी कमावणारे यांना दूर ठेवण्याची रीत आहे, आणि त्यांच्याबरोबर जेवायला लोक आजही का-कू करतात. उपास नसेल त्या दिवशी कच्चे मांसही चवीने खाल्ले जाते. आपल्याला ते पाहवणार नाही, पण त्यासाठी नाक मुरडण्याचे कारण नाही. तुमचा मुलगा किंवा जावई तिकडे नोकरीला निघाला, तर त्याला एवढेच सांगा. बुधवार-शुक्रवार लक्षात ठेव, 'त्सोम' हा शब्द पाठ कर, हात स्वच्छ धू, बोटे चाटू नको, आणि कुणी घास पुढे केला तर तोंड फिरवू नको.

गेल्या वर्षी सुटीला आलो, तेव्हा मामाच्या वस्तीवर गेलो. ऐंशी उलटलेला, डोळ्यांनी अधू. जेवणाची वेळ होती. सुनेने दोन ताटे आणली. मी म्हटले, "एकच ठेवा." मामा गडबडला. "आरं, तुझी आई काय म्हणंल?" मी पिठल्यात भाकरी बुडवली. तो ताटाच्या पार कडेने, माझ्या बाजूला हात जाणार नाही अशा बेताने जेवत राहिला. घास भरवायचे माझ्या मनात होते, पण मला धीर झाला नाही.

रात्री आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उद्या त्याला घरी जेवायला बोलाव. पोळ्या करते."

मामा आला. पन्नास वर्षे ज्या घरात राबला, त्या घरात पहिल्यांदा आत आला. पण आत आला तो उंबऱ्याशीच टेकला. "मी हितंच बरा हाय," म्हणाला. आईने क्षणभर पाहिले. मग माजघरात मांडलेले ताट उचलले आणि उंबऱ्याशी नेऊन ठेवले. मीही माझा पाट उचलून तिथेच जाऊन बसलो.